वाळूत चाक रुतते तेव्हा: दिव्यांगांसाठी किनारा सुगम करताना या चुका टाळा

सोलापूरला समुद्र नाही, पण जिल्ह्याला वाळूचा किनारा आहे. पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रातील वाळूला वाळवंटच म्हणतात, आणि व्हीलचेअरवरून आलेल्या वारकऱ्याला घाटाच्या शेवटच्या पायरीशी जी अडचण येते, तीच दिवाळीच्या सुट्टीत कोकणात गेलेल्या सोलापूरकर कुटुंबालाही येते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सोय वाळूच्या कडेपर्यंतच करणे. वाहनतळ, उतार आणि रुंद दाराचे शौचालय हे सगळे असूनही पाणी पन्नास पावलांवर राहते, कारण कोरड्या वाळूत व्हीलचेअरची पुढची लहान चाके लगेच रुततात. अशा वेळी मागून जोर लावल्यास ती आणखी खोल जातात आणि माणूस पुढे कलंडतो. त्याऐवजी खुर्ची वळवून उलटी ओढावी, म्हणजे भार मोठ्या चाकांवर येतो. समुद्रावर भरतीरेषेखालची ओली, घट्ट वाळू बरीच सोपी जाते. नदीपात्रात मात्र हा भरवसा धरू नये, कारण वाळू उपशाने पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

उताराचा हिशेब न करणे ही दुसरी चूक. प्रमाण 1:12 धरायचे, म्हणजे प्रत्येकी 15 सेंटिमीटरच्या दहा पायऱ्यांसाठी 18 मीटर लांबीचा उतार लागतो; मधले विसाव्याचे सपाट टप्पे वेगळे. जागा नाही म्हणून सहा मीटरमध्ये उरकलेला उतार मालवाहू हातगाडीलाही अवघड जातो, मग स्वतःच्या हातांनी चाके फिरवणाऱ्याची काय कथा!

वाळूवर पक्का रस्ता बांधण्याचा मोहही आवरावा. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये सुमारे 263 मीटर लांबीचा लाकडी मार्ग खुला झाला आणि पुढच्याच महिन्यात मंदोस चक्रीवादळात त्याची हानी झाली. मार्गाची कल्पना चांगलीच होती. प्रश्न तो हलवता येण्याचा आहे. उजनी धरणातून पाणी सोडले की पंढरपूरचे वाळवंट पाण्याखाली जाते, म्हणून येथे गुंडाळून ठेवता येणारी चटई अधिक योग्य. तिच्या कडा वर वळल्यास त्या वाळूत पुरून खिळवाव्यात आणि वर साचलेली वाळू रोज झाडावी, अन्यथा आठवडाभरात चटई असून नसल्यासारखी होते. चटईचा रंग वाळूहून ठळक वेगळा असावा, कारण मंददृष्टी व्यक्तीला तीच वाट दाखवते. पांढऱ्या काठीला मोकळ्या वाळूत कोणतीच खूण लागत नाही.

उन्हाकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात स्टीलचा कठडा हाताला चटका देतो, हे सर्वांना कळते. परंतु मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीच्या पायांना संवेदना नसल्यास तापलेल्या वाळूने त्वचा भाजली तरी तिला कळत नाही, ही गोष्ट सोबतच्यांनाही ठाऊक नसते. म्हणून सावली आणि पायांखाली जाड कापड हवे, आणि परतल्यावर पाय, मांड्या व बैठकीची जागा तपासून वाळू धुऊन काढावी, कारण घर्षणातून जखमा होतात.

फुगीर चाकांची, पाण्यावर तरंगणारी खुर्ची आणली की सुरक्षेचे काम झाले, असे समजणे घातक आहे. ती जीवरक्षक साधन नव्हे; जाकीट आणि प्रशिक्षित माणूस सोबत हवाच. विजेवर चालणारी खुर्ची पाण्यात नेऊच नये, आणि साधी खुर्ची समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन तिच्या बेअरिंगमध्ये वंगण घालावे. पाणी वाढत असल्याचा इशारा केवळ भोंग्याने दिला, तर तो कर्णबधिर व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही. सोबत लाल झेंडा किंवा लुकलुकणारा दिवाही हवा.

आणि न विचारता उचलू नये. एका घाटावर चार तरुणांनी माझ्या ओळखीच्या गृहस्थांना भक्तिभावाने खुर्चीसकट उचलले, ते नेमके खुर्चीच्या काढता येणाऱ्या हातांना धरून. खुर्चीचा एक हात निसटला आणि गृहस्थ पायरीवर आपटले. खुर्ची कुठे धरायची, हे तिच्यात बसलेल्यालाच सर्वांत चांगले माहीत असते.