दारूच्या व्यसनात यकृत तपासताना या चुका टाळा

‘एसजीपीटी नॉर्मल आहे, म्हणजे लिव्हर ठीक आहे,’ असे सांगून वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्या माणसाला घरी पाठवणे ही सर्वांत घातक चूक आहे. एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारी विकरे. दारूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारात एसजीपीटी बहुधा फारसा वाढत नाही, एसजीओटी मात्र त्याच्या दुपटीहून अधिक असतो. आणि यकृत पुरते आकसून सिरोसिस झाला असतानाही दोन्ही आकडे मर्यादेत दिसू शकतात. म्हणून बिलिरुबिन (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारे प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) आणि प्लेटलेट यांच्यासह सर्व आकडे एकत्र वाचावेत. ४८ वर्षांच्या एखाद्या शेतकऱ्याचा एसजीओटी ९०, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट १ लाख १० हजार असल्यास फिब-४ हा यकृतातील तंतुमय बदलांचा (चट्ट्यांचा) अंदाज देणारा निर्देशांक साडेसहाच्या आसपास येतो, २.६७ च्या वरचा आकडाच धोक्याचा मानला जातो. रुग्ण अजून पीत असेल तर एसजीओटीमुळे हा आकडा फुगतो, तरी तेवढ्यावरून तो दुर्लक्षू नये. हे गणित वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरच होते, त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ एवढेच लिहिले असले, तरी निर्धास्त होऊ नये, कारण सुरुवातीचे तंतुमय बदल तिच्यात दिसत नाहीत. फायब्रोस्कॅनमध्ये, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीत, दारूची सूज यकृताला खऱ्याहून कडक दाखवते, त्यामुळे शक्य असल्यास किमान दोन आठवडे दारू बंद ठेवून ती तपासणी पुन्हा करावी.

विदर्भात आणखी एक काळजी घ्यावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत आणि त्यांची कावीळ रक्तपेशी फुटल्यानेही होते; तेव्हा एसजीओटीही वाढतो. अप्रत्यक्ष बिलिरुबिन (रक्तपेशी फुटल्यावर वाढणारा बिलिरुबिनचा प्रकार) जास्त असेल तर सिकलसेलची चाचणी करावी, तशीच हिपॅटायटिस बी आणि सीचीही. दारू पितो म्हणून दुसरे कारण शोधायचेच नाही, हे रुग्णावर अन्यायाचे आहे.

‘किती पिता?’ असे विचारले तर ‘थोडीशी’ हेच उत्तर मिळते. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे असल्याने माणूस पोलिसांच्या भीतीनेही बोलत नाही. त्याला आधी विश्वास द्यावा, मग रोज किती पव्वे, कोणती दारू, किती वर्षे हे विचारावे. एका पव्व्यात, म्हणजे १८० मिलिलिटर विदेशी दारूत, सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते. मोहाच्या हातभट्टीची तीव्रता मात्र ठरलेली नसते.

शेवटची चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. दारू सुटल्यावर दोन-तीन दिवसांत रुग्ण बरळू लागला, तर ते दारू अचानक सुटल्यामुळे आहे की यकृत निकामी झाल्याने, हे पाहिल्याशिवाय झोपेचे औषध देऊ नये. हात पुढे करून मनगट वरच्या बाजूला वाकवायला सांगितल्यावर पंजा फडफडत खाली पडत असेल, तर यकृताचा संशय धरून त्याला तत्काळ जिल्हा रुग्णालयात न्यावे.