सोलापूरच्या काळ्या मातीतली बाग

रोपवाटिकेत जाण्याआधी आपली माती बघा. काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा देते. मूठभर कोरड्या ढेकळावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी आहे असं समजा. अशा मातीत अनंताची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण झाडाला लोह मिळत नाही. लोक शेणखत वाढवत बसतात. माझं ऐका, अनंत कुंडीतच लावा.

जमिनीत डाळिंब, शेवगा, कढीपत्ता, बोगनवेल, मोगरा लावा. कण्हेरही छान येते, पण ती विषारी आहे. घरात लहान मूल किंवा शेळी असेल तर नकोच.

खड्डा मेमध्येच दोन फूट खोल खणून उन्हात तापू द्या. मग निम्मी माती, पाव मुरूम, पाव कुजलेलं शेणखत असा भरा. रोप सपाटीवर लावू नका, वीतभर उंचवट्यावर लावा. सप्टेंबरच्या झडीत मुळं कुजतात ती सपाटीवरच.

उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो. बुंध्यापासून हातभर अंतरावर तळाला बारीक भोक पाडलेलं, वात घातलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून झाकण ठेवा. आळ्यात ज्वारीच्या कडब्याचे तुकडे चार बोटं जाड पसरा, मात्र खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते. मोगऱ्याची छाटणी जानेवारीत करा, मार्चपासून कळ्या धरतील.