सगळे इंटरप्ट एकाच कोअरवर: लिनक्समध्ये वाटणी कशी बसवली

इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला लक्ष द्यायला लावणारा इशारा. लक्षण असं: नेटवर्कवर भार आला की ‘टॉप’ कमांडमध्ये कोअर ०चा ‘एसआय’ आकडा (सॉफ्टवेअर इंटरप्टच्या कामात गेलेला वेळ, टक्क्यांत) शंभराला भिडतो, बाकीचे कोअर निवांत. कोणत्या कोअरवर किती इंटरप्ट आले ते दाखवणारी, प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स फाइल दर सेकंदाला पाहिली, तर नेटवर्क कार्डाच्या चारही रांगांचे (क्यूंचे) आकडे पहिल्याच, म्हणजे कोअर ०च्या, स्तंभात वाढताना दिसतात.

प्रत्येक आयआरक्यूच्या (इंटरप्टच्या क्रमांकाच्या) फोल्डरमध्ये, तो कोणत्या कोअरने हाताळायचा हे ठरवणारी ‘एसएमपी अफिनिटी’ ही फाइल असते. तिला हेक्स मास्क (सोळाच्या पायावरची संख्या, जिचा एकेक बिट म्हणजे एकेक कोअर) लागतो, आणि गडबड इथेच होते: १० लिहिलं की कोअर १० नव्हे, कोअर ४ निवडला जातो. त्यापेक्षा शेजारची ‘लिस्ट’वाली फाइल बरी, तिच्यात सरळ कोअरचा क्रमांक लिहायचा. चार रांगांना ०, १, २, ३ दिले.

थोड्या वेळाने आकडे पुन्हा जुन्या जागी! हा आयआरक्यू-बॅलन्स या मागे आपोआप चालणाऱ्या सेवेचा उद्योग. तो ठरावीक वेळाने स्वतःची वाटणी लादतो. ती सेवा बंद करा, नाहीतर ‘बॅनआयआरक्यू’ पर्यायाने हे क्रमांक वगळा. रीबूटनंतर क्रमांक बदलू शकतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये ते रांगेच्या नावावरून शोधावेत.

एनव्हीएमई डिस्कच्या (वेगवान एसएसडीच्या) रांगांवर लिहिताना इनपुट-आउटपुट एरर आली, तर परवानग्या तपासत बसू नका. त्यांची वाटणी बहुधा कर्नलच (लिनक्सचा गाभा) सांभाळतो, बाहेरून बदलू देत नाही.