उलट्या-जुलाब झालेल्या लेकराला जलसंजीवनी कशी पाजावी

सोलापुरात ऊन तापलं, नळ काही दिवसांआड यायला लागले, की बॅरलमधल्या साठवणीच्या पाण्यानं लेकरांची पोटं बिघडतात. आशा सेविका म्हणून वस्तीत फिरताना दर वर्षी हेच बघते.

जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं, पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. अख्खं पाकीट एकदम, त्यावर लिहिलंय तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

अवघड आहे ते पाजणं. मलाही सुरुवातीला जमत नव्हतं. "ताई, पाजलं की ओकतंय, पोटात काही ठरतच नाही," हे घरोघरी ऐकते. होतं असं, की तहानलेलं लेकरू पेल्याला झोंबतं, घटाघटा पितं आणि सगळं बाहेर टाकतं. मग घरचे म्हणतात, याला ओआरएस पचत नाही. पचतं! पेला आणि बाटली नजरेआड करा. लेकराला मांडीवर डोकं वर करून धरा आणि चहाच्या चमच्यानं एक चमचा ओआरएस गालाच्या कडेनं सोडा. मिनिट-दोन मिनिटांनी दुसरा. रडून मागितलं तरी एकदम जास्त नाही. ओकलं तर घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा सुरू करा, पहिल्यापेक्षा सावकाश. हात भरून येतो, म्हणून आई आणि आजीनं आळीपाळीनं बसावं. उलटी थांबली की प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्याला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप.

"पोटाला आराम द्या, उपाशी ठेवा" म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. अंगावरचं दूध चालूच ठेवा. वरचं खाणाऱ्याला मऊ वरण-भात, केळं. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस. वयाप्रमाणे किती ते दवाखान्यात विचारा.

जुलाब बांधणारी गोळी लहान मुलाला कधीही देऊ नका. आतडं सुस्तावतं आणि जंतू आतच राहतात. अँटिबायोटिकही मनानं नको, कारण मुलांचे बरेच जुलाब विषाणूंचे असतात, त्यावर ते चालतच नाही. शीत रक्त दिसलं तर मात्र शिगेलासारख्या जिवाणूंचा संशय घ्यायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. "दात येतायत" म्हणून घरी बसू नका.

डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते, लेकरू मलूल पडलंय किंवा पिऊच शकत नाही, तर रात्र असली तरी तडक सिव्हिल हॉस्पिटलला न्या. शुद्धीत असेल आणि गिळत असेल, तर रिक्षातही चमचा चालू ठेवा.