ब्रिस्टलची रात्रीची शर्यत पाहताना

अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल येथे नॅसकारची (अमेरिकेतील मोटार शर्यतींची मालिका) रात्रीची शर्यत पाहण्याचा योग आल्यास, पुढच्या रांगांचा मोह टाळून शक्य तितक्या वरच्या रांगेतील तिकीट घ्यावे. हा काँक्रीटचा ट्रॅक जेमतेम ०.५३३ मैलांचा असून एक फेरी साधारण १५-१६ सेकंदांत संपते. त्यामुळे खाली बसणाऱ्यास गाड्यांचे नुसते रंगीत पट्टे दिसतात, तर वरून कोण कोणाला आतल्या बाजूने गाठतो आहे आणि कोण पिटमध्ये (टायर बदलण्याच्या व इंधन भरण्याच्या जागी) शिरतो आहे, हे सारे एका नजरेत येते. चहूबाजूंनी उंच प्रेक्षागार असल्यामुळे इंजिनांचा आवाज वाडग्यात कोंडल्यासारखा घुमतो. म्हणून कानांत फोमचे बोळे घालून त्यांवर स्कॅनरचे (संघांचे रेडिओवरील बोलणे ऐकवणाऱ्या यंत्राचे) हेडफोन लावावेत. लहान मुलांच्या बाबतीत तर कानांच्या संरक्षणात मुळीच हयगय करू नये. स्कॅनरवर आवडत्या चालकाच्या संघाची फ्रिक्वेन्सी लावल्यास उंचावरून त्याला वाट दाखवणाऱ्या स्पॉटरचे बोलणे थेट ऐकू येते, आणि माझ्या मते ५०० फेऱ्यांची खरी रंगत त्यातच आहे. गाडी मात्र रंगावरून नव्हे, क्रमांकावरून ओळखावी. रंगसंगती प्रायोजकांनुसार वरचेवर बदलते.