पावसाळी गोल्फ: आधी हातमोजा बदला

जून लागला की बेळगावात पाऊस ठाण मांडून बसतो. खानापूरकडून ढग भरून आले की उघडीप कधी मिळेल, सांगता येत नाही. अशा दिवसांत महागडा ड्रायव्हर (लांब फटका मारायची काठी) घेण्याआधी हातमोजा बघा. नेहमीचा पातळ चामड्याचा मोजा भिजला की निसटतो, आणि वाळला की पापडासारखा कडक होतो. त्याऐवजी कृत्रिम धाग्याचे रेन ग्लोव्ह घ्या. ते ओले असतानाच चांगली पकड देतात, त्यामुळे दुकानात कोरडे घालून त्यांना नावं ठेवू नका. बहुतेक जोडीनेच मिळतात, दोन्ही हातांत घालायचे. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण सवय होते.

चामड्याचा मोजा भिजलाच तर हेअर ड्रायर नको, कडक ऊनही नको. हाताने सपाट करून पंख्याखाली ठेवा.

काठीच्या मुठीवर, म्हणजे ग्रिपवर, घामाचा आणि तेलकटपणाचा थर बसलेला असतो. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरे. फक्त ग्रिपच्या टोकाला असलेल्या छिद्रातून आत पाणी जाऊ देऊ नका.

लेझर रेंजफाइंडर, म्हणजे किरण सोडून अंतर मोजणारं यंत्र, असेल तर धुक्यात नि मुसळधार पावसात त्याच्या आकड्यावर विसंबू नका. किरण थेंबांवरूनच परत फिरतो. आणि स्पर्धेत चढ-उताराचा हिशेब करणारा 'स्लोप' मोड बंद ठेवा. अंतर मोजायला 2019 पासून नियमांत मुभा आहे, चढ-उतार मोजायला नाही.