पीसीबी ऑटोमेशनची साधनं पारखताना या चुका टाळा

छोट्या कंपनीत पीसीबी, म्हणजे सर्किटचा छापील बोर्ड, आखायचं-तपासायचं साधन निवडताना पहिली चूक हमखास होते: साधनाबरोबर आलेला नमुना बोर्ड चालवून निकाल ठरवायचा. तो बोर्ड नीट चालणारच! त्याऐवजी आपला तयार झालेला, तपासलेला बोर्ड घ्या आणि त्याच्या प्रतीत मुद्दाम चुका पेरा. एक ट्रॅक (तांब्याची रेघ) तोडा. दोन नेट (विजेच्या वेगवेगळ्या जोडण्या) एकमेकांना शॉर्ट करा. स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) एक रेझिस्टर वाढवा, पण बोर्ड अपडेट करू नका. डीकपलिंग कपॅसिटर (आयसीचा सप्लाय स्थिर ठेवणारा) आयसीपासून 30 मिमी लांब न्या. शेवटी ट्रान्झिस्टरच्या चिन्हातल्या दोन पिनांची अदलाबदल करा.

पहिल्या दोन चुका डीआरसी (बोर्डाची आपोआप होणारी नियमतपासणी) पकडतो. वाढवलेला रेझिस्टर स्कीमॅटिक आणि बोर्ड यांची तुलना चालू असेल तरच सापडतो. उरलेल्या दोन सहसा निसटतात, कारण साधनाला त्यांचा नियमच कोणी दिलेला नसतो. पिनांची चूक सगळ्यात महागात पडते. टीओ-92 पॅकेजातल्या 2एन3904 ट्रान्झिस्टरची पिन 1 एमिटर, पिन 2 बेस. एसओटी-23 मधल्या एमएमबीटी3904 ची पिन 1 बेस, पिन 2 एमिटर. जुन्या चिन्हाला नवं फूटप्रिंट (बोर्डावरच्या पॅडचा साचा) जोडलं की ईआरसी (स्कीमॅटिकची तपासणी), डीआरसी दोन्ही स्वच्छ येतात आणि सर्किट मात्र चालत नाही. म्हणून प्रत्येक नवं फूटप्रिंट डेटाशीटशी पिन-पिन ताडून पाहा, आणि हे काम चिन्ह बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्याने करावं.

कीकॅड या मोफत पीसीबी सॉफ्टवेअरच्या आवृत्ती 8 पासून डीआरसी कमांड लाइनवरून चालवता येतो. इथला सापळा असा: नियमभंग सापडले तरी कमांड शून्य हाच एक्झिट कोड (संपताना स्क्रिप्टला मिळणारा आकडा; शून्य म्हणजे सगळं ठीक) देते आणि स्क्रिप्ट खुशाल पुढे जाते. '--एक्झिट-कोड-व्हायोलेशन्स' हा पर्याय जोडला, तर नियमभंग असताना 5 मिळतो. स्कीमॅटिक-बोर्ड तुलनेसाठी '--स्कीमॅटिक-पॅरिटी'ही जोडा. टाइप करताना दोन्ही पर्याय अर्थातच रोमन लिपीत लिहायचे. स्क्रिप्ट विश्वासाची आहे का, हे वरच्या बिघडवलेल्या बोर्डावर ती अडते का यावरून कळेल.

'पॉवर इनपुट पिन ड्रिव्हन नाही' ही ईआरसी तक्रार अनेक जण सेटिंगमध्ये जाऊन बंद करतात. असं करू नका. खरोखर सप्लाय न मिळालेली आयसीही त्यात लपते. सप्लाय जिथे कनेक्टरमधून आत येतो, त्या नेटवर पॉवर फ्लॅग (इथून सप्लाय येतो, असं ईआरसीला सांगणारं चिन्ह) लावा.

ऑटोराउटरला (आपोआप ट्रॅक आखणाऱ्या साधनाला) सगळा बोर्ड एकदम देऊ नका. स्विचिंग रेग्युलेटरचा लूप (प्रवाहाचा फेरा), क्रिस्टल आणि यूएसबीची जोडी आधी हाताने राउट करून लॉक करा. राउटरला जोडणी पूर्ण करायची असते, लूपचं क्षेत्रफळ तो मोजत नाही.

टीममध्ये सगळ्यांकडे एकच आवृत्ती ठेवा, कारण कीकॅड 8 मध्ये सेव्ह केलेली फाइल 7 मध्ये उघडत नाही.

गर्बर (कारखान्याला द्यायच्या बोर्डाच्या फाइली) काढण्याआधी कीकॅडमध्ये 'बी' दाबून कॉपर झोन (तांब्याने भरलेले भाग) पुन्हा भरा, मगच सेव्ह करा. जुना भराव राहिला तर नव्या ट्रॅकभोवतीचं अंतर चुकतं. मग गर्बर आणि ड्रिल फाइल एकत्र व्ह्यूअरमध्ये उघडा, भोकं पॅडच्या मधोमध आहेत का ते पाहा.